ऐकू आलं नाही

मी जीएनएम या नर्सिंगच्या डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाच्या मुलींना शिकवते. मराठवाड्यातलं जिल्ह्याचं गाव, वर्गात ४० मुली, बहुतेक मराठी माध्यमातून बारावी करून आलेल्या. पहिलं वॉर्ड पोस्टिंग संपलं की त्यांची लॉगबुकं सहीसाठी माझ्या टेबलावर येतात. २०१९ च्या बॅचची लॉगबुकं तपासताना एका संध्याकाळी मी फक्त बीपीच्या नोंदी वाचत गेले. १२०/८०. ११०/७०. १२०/८०. १३०/८०. पानामागून पान शून्यावर संपणारे आकडे. मध्येच एकीनं १२५/७५ लिहिलं होतं. आमच्या बीपीच्या उपकरणाच्या डायलवर दोन-दोनच्या रेघा आहेत. १२२ आहे, १२४ आहे, १२६ आहे. १२५ची रेघ त्यावर नाहीच. एखादी तेवढ्या बारकाईनं दोन रेघांच्या मधलं वाचत असेल असं मला वाटेना.

त्या संध्याकाळी मी सगळ्या लॉगबुकांवर सही केली. शिकवण्याच्या नोकरीत ज्या गोष्टींची मला लाज वाटते, त्यांत ही पहिली. आकडे खोटे आहेत हे कळत होतं, पण करायचं काय ते कळत नव्हतं. मुली लबाड नव्हत्या. डेमो मी स्वतः दिला होता, प्रत्येकीकडून रिटर्न डेमो घेतला होता, म्हणजे तेच माझ्यासमोर करून दाखवायला लावलं होतं. बीपी मोजताना स्टेथोतून ऐकू येणाऱ्या कोरोटकॉफ ध्वनीच्या पाचही पायऱ्या त्यांना पाठ होत्या. पेपरात विचारलं असतं तर सगळ्यांनी बरोबर लिहिलं असतं.

शिकवायला लागण्याआधी मी स्टाफ नर्स होते. लेबर रूमच्या एका रात्रपाळीत आठव्या महिन्याची एक बाई आली. ऊसतोडीवरून परतलेली, पाय सुजलेले, दोन दिवस डोकं दुखत होतं, डोळ्यांपुढे अंधारी येत होती. स्ट्रेचरवरून टेबलावर घेतानाच तिला झटका आला. बीपी १७०/११४. सोबत आलेल्या सासूनं पिशवीतून माता व बाल संरक्षण कार्ड काढून माझ्या हातात दिलं. त्यावर तीन भेटींच्या नोंदी होत्या, तिन्ही १२०/८०. मॅग्नेशियम सल्फेट दिलं, डॉक्टर धावत आले, बाई वाचली. बाळ वाचलं नाही. त्या तीन नोंदी खऱ्या असण्याची शक्यता आहेच, गरोदरपणात बीपी वाढण्याचा हा आजार कधीकधी दोन आठवड्यांत उसळतो. पण त्या कार्डावरचं अक्षर माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही, कारण तो आकडा लिहिणारी माझ्यासारखीच कुठल्यातरी शाळेत शिकली होती आणि तिच्या लॉगबुकावरही कुणीतरी सही केली होती.

मार्च २०२० मध्ये हॉस्टेल रिकामं झालं. मुली आपापल्या गावी गेल्या, काहींचे आईवडील अजून ऊसतोडीला, कारखान्याच्या कोप्यांवरच होते. वरून निरोप आला की तासिका ऑनलाइन घ्या. मी गुगल मीटवर सकाळी ११ चा तास सुरू केला. पहिल्या दिवशी १७ जणी दिसल्या, आठवड्याभरानं ९. मला राग यायचा. एकेकीला फोन करायला लागले तेव्हा कारणं कळली. एकीच्या घरी फोन एकच, तो भावाचा. भाऊ दिवसभर रानात आणि फोन त्याच्या खिशात. एकीला रेंज फक्त शाळेच्या पटांगणात मिळायची आणि तिथे पोरं क्रिकेट खेळत असायची. एकीकडे दिवसाचा दीड जीबी डेटा तिघांत वाटला जायचा आणि धाकट्या भावाच्या दहावीला पहिला मान होता. सकाळी ११ वाजता रिकामी असणारी आणि फोन हातात असणारी मुलगी, हे माझ्या शहरी घरातून मी धरलेलं गृहीतक होतं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी तो तास बंद केला. शिकवायचं ते ३-४ मिनिटांच्या तुकड्यांत रेकॉर्ड करून व्हॉट्सॲपवर टाकायचं, रात्री भाऊ घरी आला की पाहायचं, दुसऱ्या रात्रीपर्यंत उत्तर पाठवायचं. ब्लेंडेड लर्निंग, म्हणजे काही समोर आणि काही ऑनलाइन शिकवणं, हा शब्द मी एका कार्यशाळेत ऐकला होता, त्याच्या व्याख्याही लिहून घेतल्या होत्या. पण काय प्रत्यक्ष शिकवायचं आणि काय फोनवर सोडायचं, हा विचार मी पहिल्यांदा त्या भावाच्या खिशातल्या फोनमुळे केला.

बीपीपासून सुरुवात करायची हे ठरलेलंच होतं. वर्गातल्या डेमोचा खरा घोटाळा असा की आवाज फक्त माझ्या कानात असतो. ४० मुली माझा हात, कफ, बल्ब, डायल सगळं बघतात, आणि जे शिकायचं आहे ते त्यांच्यापैकी एकीलाही ऐकू येत नाही. मी म्हणते, “हा पहिला ठोका, १२४.” त्या मान डोलावतात. नंतर स्वतः स्टेथो लावतात तेव्हा नेमकं काय ऐकायचं हे त्यांना माहीत नसतं. काहीतरी खरखर होते, काट्याबरोबर नजर घसरते, आणि तोंडातून १२०/८० बाहेर पडतं.

घरी एक जुना स्टेथोस्कोप होता. त्याची नळी कापून तिच्या तोंडात साधा कॉलर माइक बसवला, वरून चिकटपट्टी घट्ट गुंडाळली आणि माइक फोनला जोडला. त्याच फोनचा कॅमेरा डायलवर रोखला, म्हणजे काटा आणि आवाज एकाच वेळी टिपले जाणार, नंतर जुळवत बसायला नको. आता दंड हवा होता. घरात सासूबाई होत्या.

“आई, पाच मिनिटं खुर्चीत टेकून बसायचं. पाय खाली टेकवा, एकावर एक ठेवू नका. आणि बोलायचं नाही.”

“बोलायचं का नाही?”

“बोललं की बीपी वाढतं.”

पंख्याचा आवाज माइकमध्ये येत होता म्हणून पंखा बंद. एप्रिलमधली मराठवाड्यातली दुपार. पहिलं रेकॉर्डिंग शेजारच्या कुत्र्यानं वाया घालवलं, दुसरं कुकरच्या शिट्टीनं. तिसरं नीट झालं. मी हेडफोन लावून ऐकायला बसले आणि पहिला ठोका आला तो १५४ वर. नाहीसा झाला ९४ वर.

मी पुन्हा मोजलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, दोन्ही दंडांत. १५०च्या आसपासच राहिलं. ओळखीच्या फिजिशियनना फोनवर कळवलं, त्यांनी तपासण्या सांगून गोळी सुरू केली. लग्न होऊन मला तेव्हा १४ वर्षं झाली होती. हजारो अनोळखी दंडांना कफ बांधलेल्या मला घरातल्या माणसाचं बीपी नीट, पाच मिनिटं शांत बसवून मोजायला एक महामारी लागली. त्याआधी मोजलं नव्हतं असं नाही. साडीच्या पदरावरून, गप्पा मारत, स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभं राहून मोजलं होतं, आणि “ठीक आहे” म्हटलं होतं.

व्हिडिओ ग्रुपवर टाकला. रात्री उत्तरं यायला लागली: “मॅडम, आवाजच नाही.” मला वाटलं रेंज, मला वाटलं फाइल बिघडली. माझ्या फोनवर हेडफोन काढून लावून पाहिला तर खरंच काही ऐकू येईना. कोरोटकॉफ ध्वनी फार खालच्या पट्टीतला असतो, आणि फोनचा चिमुकला स्पीकर ती पट्टी वाजवूच शकत नाही. इअरफोन लागतो. पाच मुलींकडे तो नव्हता. आमच्या एका सहकारी मॅडमनी पोस्टानं पाठवायची सोय केली. दुसरी अडचण दाखवली ती परभणीकडच्या एका मुलीनं. व्हॉट्सॲप व्हिडिओ दाबून लहान करतं, त्यात डायलवरच्या रेघा पुसट होतात. तिनंच सुचवलं, “मॅडम, डॉक्युमेंट म्हणून टाका ना, मग दाबला जात नाही.” तेव्हापासून सगळ्या फाइली तशाच गेल्या.

व्हिडिओखाली गुगल फॉर्म होता. दोनच प्रश्न: पहिला ठोका कुठे, शेवटचा कुठे. व्हिडिओत मी उत्तर सांगितलं नव्हतं. फॉर्मला नाव विचारलं नव्हतं, ईमेलची नोंदही बंद ठेवली होती. हे मी फार विचार करून केलं असं नाही, निम्म्या मुलींकडे स्वतःचा ईमेल नव्हता म्हणून केलं. पण त्यामुळे जे दिसलं ते मला आयुष्यभर पुरेल.

उत्तरांचा आलेख उघडला. पहिला ठोका १५४ होता. माझ्या सहकारी मॅडमनीही स्वतंत्रपणे ऐकून तेवढाच सांगितला होता. मुलींची उत्तरं १७० पासून ११० पर्यंत पसरली होती. काही १५० वर, काही १६० वर, आणि ७ जणी १२०/८० वर. एकच दंड, एकच काटा, एकच आवाज, हवा तितक्या वेळा मागे घेऊन ऐकायची सोय, आणि तरीही ७ जणी १२०/८०. पेशंट अस्वस्थ होता, वॉर्डात गोंगाट होता, सिस्टर घाई करत होत्या, यातलं कुठलंच कारण इथे नव्हतं. त्यांना आवाज ओळखता आला नव्हता आणि तसं सांगायची जागा मी त्यांना कुठेच दिली नव्हती.

दुसऱ्या व्हिडिओच्या फॉर्ममध्ये मी आणखी एक पर्याय घातला: “मला नीट ऐकू आलं नाही.”

१९ जणींनी तो निवडला.

इतक्या वर्षांत माझ्यासमोर कुणी हे वाक्य बोललं नव्हतं. रिटर्न डेमोला मी समोर उभी, मागे ३९ जणींची रांग, हातात मार्कांचा कागद. अशा वेळी कोण म्हणेल की मला ऐकू आलं नाही? लॉगबुकात दोन आकड्यांचा रकाना, दोन आकडे हवेत, नाहीतर सही नाही. त्या रकान्यात भरायला १२०/८० सारखा सोयीचा आकडा नाही. तो सगळ्यांना माहीत असतो, कुणी हटकत नाही, पेशंटलाही बरं वाटतं.

मग मी आवाज वेगळा करून शिकवायला लागले. आधी नुसती पाच सेकंदांची फाइल: पहिला ठोका येण्याआधीची शांतता आणि मग टक्, टक्. पुढची फाइल: ठोका फुसफुसा होतो ती. पुढची: पुन्हा ठसठशीत होतो. मग दबका, मग काहीच नाही. १९०५ मध्ये सेंट पीटर्सबर्गला निकोलाय कोरोटकॉफ या तरुण शल्यचिकित्सकानं हे आवाज पहिल्यांदा मांडले, ते जेमतेम पानभर मजकुरात; युद्धातल्या जखमी सैनिकांच्या रक्तवाहिन्या स्टेथोनं ऐकायची त्याला सवय लागली होती. त्याआधी १८९६ पासून इटलीतल्या रिव्हा-रोच्चीचा कफ होता, पण त्यात मनगटाची नाडी कुठे थांबते तेवढंच कळायचं, म्हणजे वरचाच आकडा मिळायचा. हे मी मुलींना सांगते ते पेपरासाठी नाही. आधी नाडी चाचपून कफ फुगवायचा आणि मग स्टेथो लावायचा, या क्रमाला त्या “जादाची स्टेप” म्हणून गाळतात. बीपी फार वाढलेल्या काही पेशंटमध्ये ठोके मध्येच गायब होऊन खाली पुन्हा सुरू होतात. नाडी न बघता अंदाजानं १५० पर्यंतच फुगवलं तर तुम्ही नेमक्या त्या शांततेत उतरता, आणि १९० चा पेशंट १४० म्हणून घरी जातो.

पण आवाज का येतो हे माझ्यापेक्षा चांगलं एका मुलीनं सांगितलं. ग्रुपवर तिचा व्हॉइस मेसेज आला, मागे मोटारीची घरघर: “मॅडम, पाण्याच्या पाईपावर पाय दिला की पाणी बंद होतं ना, आवाज नसतो. पाय हळूहळू उचलला की पाणी थांबून थांबून उसळतं, पाईप थडथड करतो. पाय पूर्ण काढला की पाणी गुपचूप वाहतं, मग परत आवाज नाही. तसंच आहे का?” तसंच आहे. रक्त मोकळं वाहताना आवाज करत नाही, दाबलेल्या वाटेतून उसळतानाच करतं. त्यानंतर एकाही मुलीनं मला खालचा आकडा म्हणजे नेमकं काय असं विचारलं नाही. पाईपावरून पाय पूर्ण निघाल्याचा क्षण, बस. पुढच्या प्रत्येक बॅचला मी तो व्हॉइस मेसेज ऐकवते, तिची परवानगी घेऊन.

दर तीन दिवसांनी एक नवा व्हिडिओ, नवा दंड: माझा, नवऱ्याचा, सासऱ्यांचा, पुन्हा सासूबाईंचा. आधी स्वतः उत्तर द्यायचं, दुसऱ्या दिवशी मी आकडा सांगायचे आणि त्या पुन्हा ऐकायच्या. मुलींना हे आवडत नव्हतं. “आधी समजावून सांगा, मग विचारा,” असं म्हणणं असायचं. या बाबतीत मी हट्टीपणा केला. रोडिगर आणि कार्पिकी या दोघा मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मला माहीत होता: उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनी जास्त सांगू शकले, पण आठवड्यानंतर जास्त आठवलं ते ज्यांनी पुस्तक मिटून स्वतःला विचारून पाहिलं होतं त्यांना. वाचणाऱ्यांना मात्र आपल्याला जास्त येतंय असं वाटत होतं. व्हिडिओचं दुखणं हेच आहे. नुसता पाहिला की येतंय असं वाटतं. मध्ये थांबवून उत्तर मागितलं नाही तर तो करमणुकीसारखा डोळ्यांपुढून निघून जातो. जूनच्या शेवटापर्यंत “ऐकू आलं नाही”वाल्या १९ च्या ४ झाल्या, आणि बाकीच्यांची उत्तरं खऱ्या आकड्याच्या दोन-चार रेघांच्या आत यायला लागली.

मला फार आनंद झाला होता. मुली परत आल्या तेव्हा तो उतरला.

२०२१ च्या सुरुवातीला, मास्क लावून, दहा-दहाच्या तुकड्यांत प्रॅक्टिकल सुरू झालं. मी टेबलांवर कफ मांडून ठेवले आणि म्हटलं, एकमेकींचं मोजा. कान तयार होते, हात अजिबात नव्हते. कफ बाहीवरून बांधला. कफवरचा बाण कोपराच्या बाहेरच्या बाजूला. दंड हवेत लोंबकळता. हृदयाच्या पातळीखाली दंड गेला की आकडा वाढतो हे त्यांनी व्हिडिओखाली स्वतः लिहून पाठवलं होतं. आणि सर्वांत वाईट म्हणजे बल्बचा स्क्रू. सुटायचा की एकदम सुटायचा. काटा १८० वरून भर्रकन ६० वर. ठोके ओळखणारा कान घेऊन त्या बसल्या होत्या, पण ठोका ऐकू येण्याइतका वेळ त्यांची बोटं देत नव्हती. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला तो केसभर फिरवायचा जोर कुठल्याही कॅमेऱ्याला दिसत नाही. माझ्या व्हिडिओत माझी बोटं दिसतच नव्हती, मी डायलवर कॅमेरा रोखून बसले होते.

काटा सेकंदाला पाऱ्याच्या मापानं दोन ते तीन मिलिमीटर उतरला पाहिजे. डायलवरची एक रेघ म्हणजे दोन मिलिमीटर. म्हणजे एका सेकंदाला साधारण एक रेघ. फोनवर मेट्रोनोमचं, म्हणजे ठरलेल्या लयीत टिक् टिक् करणारं फुकट ॲप मिळतं, संगीत शिकणारे वापरतात. ते मिनिटाला ६० वर लावलं. टिक् झालं की एक रेघ. स्टेथो नाही, दंड नाही. कफ पाण्याच्या बाटलीला गुंडाळायचा, फुगवायचा आणि फक्त काटा उतरवायचा. जोडीदारणीनं डायलचं दहा सेकंदांचं शूटिंग करायचं आणि दोघींनी रेघा मोजायच्या. पहिल्या दिवशी दहा सेकंदांत कुणाच्या ४० रेघा, तर कुणाच्या दोन. तिसऱ्या दिवसापर्यंत बहुतेकींच्या १० ते १५. कुणी कुणाला रागावलं नाही, फोननं दाखवलं आणि त्यांनी सुधारलं.

यात एक गोष्ट शिकायला मला उशीर लागला. लॉकडाऊनआधी माझा दोन तासांचा प्रॅक्टिकलचा वेळ असा जायचा: दीड तास मी दाखवणार, अर्ध्या तासात ४० जणी करणार. आता दाखवणं घरी झालं होतं, म्हणून दोन्ही तास हातांचे झाले. दोघींना एकाच वेळी ऐकू येईल असा दुहेरी स्टेथोस्कोप आमच्या कपाटात अनेक वर्षं डब्यात पडून होता. तो काढला. एकीच्या कानात एक जोडी, माझ्या कानात दुसरी. दोघींनी न बोलता आपापला आकडा कागदावर लिहायचा, मग कागद उलटायचे. हा प्रकार ४० जणींबरोबर प्रत्येकी तीनदा करायला आधी कधी वेळच मिळाला नसता. ऑनलाइन शिक्षणाचा सगळ्यात मोठा फायदा काय, असं मला कुणी विचारलं तर मी सांगेन की मला मुलींच्या शेजारी बसायला वेळ मिळाला.

एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेनं सगळं पुन्हा थांबवलं. त्याबद्दल इथे लिहीत नाही.

वॉर्डात फोनवरून वाद झाला. मुलींनी उत्साहात पेशंटच्या कॉटजवळ डायलचं शूटिंग सुरू केलं आणि एका व्हिडिओत पलीकडच्या कॉटवरची बाई चेहऱ्यासकट आली, अंगावर नीट पांघरूण नसलेली. वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरनी तो तिथल्या तिथे पुसायला लावला आणि मला बोलावून घेतलं. “तुमचं डिजिटल तुमच्या वर्गात ठेवा. इथे माझे पेशंट आहेत.” त्या क्षणी मला लागलं, पण त्या पूर्ण बरोबर होत्या. त्या बाईला आम्ही विचारलं नव्हतं, आणि विद्यार्थिनीसमोर कॉटवर पडलेली बाई विचारल्यावर नाही म्हणू शकते का, हाही प्रश्न आहेच. तेव्हापासून नियम केला: वॉर्डाच्या दाराबाहेर पेटी, फोन त्यात. जे काही शूटिंग असेल ते एकमेकींच्या दंडावर, वर्गात. वॉर्डात कान, बोटं आणि कागद.

तो कागद मात्र मी बदलला. लॉगबुकाचा छापील रकाना माझ्या हातात नाही, म्हणून शेजारी पेन्सिलीनं एक ओळ आखून घ्यायला सांगितली. त्यात तीन गोष्टी: पेशंट किती वेळ बसला होता, कुठला कफ वापरला, आणि ऐकू आलं की नाही. “आलं नाही” लिहिलं तर मार्क जात नाहीत; लिहून मला किंवा सिस्टरना बोलावलं तर त्या नोंदीवर मी सगळ्यात आधी सही करते. पहिल्या आठवड्यात एक मुलगी पळत आली. “मॅडम, सहा नंबरच्या आजींचं मला दोनदा ऐकू आलं नाही.” आजींच्या दंडाला साधा कफ अपुरा पडत होता, रबराची पिशवी जेमतेम अर्ध्या दंडापर्यंत पोचत होती. ती दंडाच्या ८० टक्के घेराला तरी वेढली पाहिजे. मोठा कफ शोधून आणला, दोघींनी मिळून मोजलं. लॉगबुकात तिनं लिहिलं: “दोनदा ऐकू आलं नाही. मोठा कफ. १३८/८४.” ते पान मला फार आवडतं.

आता वॉर्डात आणि उपकेंद्रांत बटण दाबायची मशीनं आली आहेत. पाऱ्याची उपकरणं मिनामाता या पाऱ्याविरोधातल्या आंतरराष्ट्रीय करारामुळे जगभरच हद्दपार होत आहेत आणि ते योग्यच आहे. नव्या मुली विचारतात, मशीन असताना हे कशाला? प्रश्न खरा आहे आणि मी तो झटकत नाही. चांगल्या, तपासून प्रमाणित झालेल्या मशीनला शून्याचं वेड नसतं, ते १३७ असेल तर १३७ दाखवतं. त्याला मोजता आलं नाही तर ते एरर दाखवतं, मनानं आकडा टाकत नाही. माझ्या मुलींनी जे शिकावं म्हणून मी इतकी धडपडले ते मशीनला जन्मतः येतं. पण मशीन ठोके ऐकत नाही, कफमधली कंपनं मोजून हिशेब करतं. ज्यांची नाडी अनियमित आहे त्यांच्यात ते चुकू शकतं. गरोदरपणात बीपी वाढलेल्या बायांमध्ये अनेक मशीनं खरं आहे त्यापेक्षा कमी दाखवतात, आणि माझी सगळी काळजी नेमकी तिथे आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला सुरक्षित मातृत्वाच्या शिबिराला बायांची रांग असते. त्या रांगेत १३६/८८ आणि “डोकं दुखतंय” एकत्र दिसलं तर माझ्या मुलीनं मशीनवर न थांबता स्टेथो काढावा, बाईला पाच मिनिटं बसवून पुन्हा मोजावं, एवढंच मला हवं आहे. आणि कफ चुकीचा बांधला, बाई चालत आली आणि लगेच मोजलं, तर मशीनही चुकतं, फक्त ठळक आकड्यांत.

म्हणून व्हिडिओ अजून चालू आहेत, फक्त बदलले आहेत. बोटं दाखवणारा एक वेगळा केला आहे, स्क्रूच्या अगदी जवळून. एकाच दंडावर मशीन आणि स्टेथो असा एक आहे. मुलींनीच मागितलेला एक चुकांचा आहे: बाहीवरून बांधलेला कफ, लोंबता हात, बोलणारा पेशंट, प्रत्येक चुकीनं आकडा किती हलतो ते दाखवणारा. पण पहिला व्हिडिओ मी तोच ठेवला आहे, १५४/९४ चा, पंखा बंद केलेल्या दुपारचा.

परवा तो वाजत असताना सासूबाई मागून आल्या. त्यांना ऐकू तर काही गेलं नसणार, पण डायल आणि स्वतःची हिरवी बांगडी ओळखली.

“अजून हाच दाखवतेस होय गं? तेव्हा वाढलेलं होतं माझं. आता गोळी घेते रोज. पोरींना वाटेल, हिच्या सासूचं बीपी वाढलेलंच आहे अजून.”

“मग काय करू, आई?”

“नवीन घे की. आताचं.”

मी माइक शोधायला आतल्या खोलीत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांनी पंखा बंद केला होता. खुर्चीला पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर, बाही वर सरकवून, हात टेबलावर ठेवून बसल्या होत्या. मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे दाखवलं.